मोडीतल्या चांदीचं बिनझाळीचं कडं

आमच्या कपाटात चहापत्तीचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात एकाच पायाचं पैंजण, फिरकी हरवलेला तोडा, बारशात आलेले आणि दोन महिन्यांत आखूड झालेले वाळे, झिजून कागदासारखी झालेली जोडवी, चार मासोळ्या आणि दुवे सुटलेला करदोडा. दर दिवाळीला 'हे मोडीला देऊन टाकू' असं ठरायचं आणि सराफाकडून येताना डबा तसाच परत यायचा. कारण टंच, म्हणजे शंभरात किती चांदी आहे तो आकडा, ऐकला की आईचा जीव व्हायचा नाही.

त्यात सराफाचं चुकत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. साखळीच्या पैंजणात शंभरावर सांधे असतात. प्रत्येक सांध्यावर झाळ, म्हणजे सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू; काही पेठांत त्याला डाग म्हणतात. चांदीत तांबं आणि जस्त मिसळून झाळ मुद्दाम कमी तापमानाला वितळणारी करतात. दुवे चांगल्या चांदीचे असले, तरी दागिना आटवला, म्हणजे वितळवला, की झाळेतला सगळा हलका धातूही त्यातच उतरतो आणि टंच खाली येतो. हुपरीसारख्या गावात पैंजणाचं किती नाजूक काम होतं ते पाहिलं की सांध्यांना दोष देववत नाही; सांध्याशिवाय पैंजण व्हायचंच नाही. पण आपण मोडीपासून काही नवं करणार असू, तर निदान आपली पहिली वस्तू तरी बिनझाळीची असावी असं माझं ठाम मत आहे. पुढे कुणी ती आटवली तर त्याच्या हाती तोच टंच लागेल, आणि शिवाय नवशिक्याचे निम्मे घोटाळे झाळ देतानाच होतात.

म्हणून इथे एकच वस्तू घेतली आहे: तोंड उघडं असलेलं, हातोडीनं घडवलेलं कडं. उरलेल्या तुकड्यातून बोटातलं एक वळंही निघेल.

डब्यातून काय घ्यायचं, काय नाही

आधी डबा वर्तमानपत्रावर उपडा करा आणि लोहचुंबक फिरवा. फाशाच्या स्प्रिंगा, फिरकीचे स्क्रू, घुंगरांतले दाणे यांतलं बरंचसं लोखंडी निघतं. ते कापून वेगळं काढा. मण्यांत, पोकळ गोठात किंवा तोड्यात लाख भरलेली असू शकते. ती मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, गेली तर धूर आणि राख होते, म्हणून पोकळ वस्तू कापून, बाहेर उघड्यावर लाख जाळून घ्या. खडे काढा, मीना खरवडून काढा. मीना म्हणजे रंगीत काचच.

जर्मन सिल्व्हरच्या नावात चांदी आहे, धातूत नाही. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. असा एक पेला चुकून मुशीत गेला तर सगळी लगड, म्हणजे आटवून ओतलेला तुकडा, बिघडते.

नाण्यांचा मोह होतो. व्हिक्टोरिया राणीचा, म्हणजे राणीछाप रुपया आणि पुढे १९३९पर्यंतचे रुपये ११.६६ ग्रॅमचे, ९१.७ टक्के चांदीचे होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४०पासून, चांदी निम्म्यावर आली आणि उरलेल्या निम्म्यात तांब्याबरोबर निकेल व जस्तही घातलं गेलं. १९४७पासूनच्या रुपयात तर चांदी उरलीच नाही. युद्धकाळातले रुपये आटवू नका, कारण निकेलनं पुष्कळांच्या कातडीला खाज सुटते. राणीछाप रुपये आटवू नका, कारण आजीनं ते कशासाठी जपले होते हे तुम्हाला माहीत आहे. लक्ष्मीपूजनाची, ९९९चा छाप असलेली नवी नाणी मात्र खुशाल घ्या.

जुनं सोनं यात आणू नका. विशेषतः केडीएम म्हणून विकलेलं. त्याच्या झाळेत कॅडमियम असतं. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं आणि सोनं वितळायला १,०६४ अंश लागतात, म्हणजे सोनं पातळ होण्याच्या कितीतरी आधी विषारी वाफ तुमच्या नाकात गेलेली असते. जुन्या चांदीच्या झाळेतही कॅडमियम असू शकतं, म्हणूनच मी सांधे जमेल तितके कापून बाजूला काढते. तो ढीग वेगळा गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनंचांदी शुद्ध करून देणाऱ्याकडे, जातो.

टंच

बाजारात आता टंच काढायचं क्ष-किरणांचं यंत्र असतं. थोड्या पैशांत चिठ्ठी मिळते. पण ते यंत्र वरचा पातळ थरच वाचतं. मुलामा असेल किंवा वस्तू उजळून दिलेली असेल तर आकडा फुगतो. त्यामुळे वस्तूला कानशीनं एका ठिकाणी घासून आतला धातू उघडा करायला सांगा, आणि जमल्यास आटवल्यानंतर लगडीचाच टंच काढा. तो खरा.

घरी करता येण्यासारखी एक जुनी युक्ती आहे. भरीव वस्तू काट्यावर तोला. मग ग्लासभर पाणी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि वस्तू दोऱ्यानं पाण्यात अधांतरी सोडा. ग्लासाला कुठेही टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवील त्यानं वस्तूच्या वजनाला भागा. चोख चांदीचं उत्तर १०.५च्या जवळ येतं, ८० टक्क्यांच्या चांदीचं १०.१च्या आसपास, ६० टक्क्यांच्या चांदीचं ९.८. पितळ आणि जर्मन सिल्व्हर नऊच्या खालीच राहतात. उदाहरणार्थ, ५० ग्रॅमचा तोडा पाण्यात ४.९ दाखवत असेल तर उत्तर १०.२. चांदी आहे, बरी आहे. याहून बारीक फरक या रीतीनं कळत नाही आणि पोकळ वस्तूला तर ती लागूच नाही, पण खोटी वस्तू ती अचूक पकडते.

हिशोब, आणि गलाईवाला

समजा ४० ग्रॅम मोड निघाली आणि टंच ८० आला. तुम्हाला ९२.५ करायचा आहे. सहज वाटतं की थोडी चोख चांदी घातली की झालं. गणित करून पाहा: ४० ग्रॅमला ९२.५वर न्यायला जवळजवळ ६७ ग्रॅम चोख चांदी लागते! मोडीपेक्षा भर जास्त.

म्हणून दुसरा रस्ता. मोड गलाईवाल्याकडे द्या. सोनंचांदी शुद्ध करण्याचा हा धंदा मुळात आपल्याच माणसांच्या हातात आहे: सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गलाईसाठी देशभर पांगली. दूरच्या परप्रांतातल्या सराफ बाजारात तुम्ही 'गलाईवाला कुठाय?' असं विचारलंत, तर माणदेशी मराठीत उत्तर मिळण्याची शक्यता पुष्कळ. गलाईवाला चांदी तेजाबात विरघळवतो, त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडतो. तांबं विरघळत जातं आणि चांदी करड्या गाळासारखी खाली बसते. तो गाळ धुऊन आटवला की चोख चांदी. वाचायला सोपं आहे, पण तेजाबाचा तपकिरी धूर फुप्फुस जाळतो. व्हिडिओ पाहून हे घरात करणाऱ्यांना मी हात जोडते.

४० ग्रॅमला ८० टंच म्हणजे ३२ ग्रॅम चोख चांदी, त्यातून त्याची मजुरी आणि घट जाईल ती वेगळी. सोयीसाठी ३२ धरू. निव्वळ चोख चांदी कड्याला फार मऊ. हातात घालताना वाकते, पोचे पडतात. ३२ला ०.९२५नं भागलं की ३४.६. म्हणजे २.६ ग्रॅम तांबं घालायचं. जाड विजेच्या तारेतलं तांबं चालतं, पण प्लॅस्टिक चाकूनं सोला, जाळू नका. मोटारीच्या गुंडाळीची तार नको, तिच्यावर वार्निशाचा थर असतो.

टंच आधीच ९०च्या वर असेल तर गलाईच्या भानगडीत न पडता तसंच आटवा. नव्वदच्या चांदीचं कडं उत्तम होतं, किंबहुना थोडं जास्त कडक.

आटणी

सगळ्यात शहाणपणाचा मार्ग: पहिल्या वेळी पेठेतल्या आटणीवाल्याकडे जा, समोर बसा आणि डोळ्यांदेखत चौकोनी कांब ओतून घ्या. समोर बसण्यात अविश्वास नाही. सोनाराच्या पेढीवर गिऱ्हाईक पूर्वीपासून तसंच बसत आलं आहे, आणि तो मुशीत किती वेळ पाहतो, केव्हा ओततो, हे बघून जे शिकाल ते वाचून येणार नाही.

स्वतः करायचं असेल तर ग्राफाइटच्या मुशीची छोटी विजेची भट्टी मला टॉर्चपेक्षा बरी वाटते, तापमान हातात राहतं. जागा स्वयंपाकघर नव्हे. गच्ची, अंगण किंवा दोन बाजूंनी हवा खेळणारी पडवी. अंगावर सुती कपडे, पदर आणि ओढणी नाही, पायात बंद चामडी जोडे, डोळ्यांवर चष्मा, शेजारी कोरड्या वाळूची बादली.

मातीची मूस नवी असेल तर आधी सावकाश तापवून तिच्यातली ओल घालवा आणि आत टाकणखार, म्हणजे सवागी, वितळवून काचेसारखा लेप द्या. ग्राफाइटच्या मुशीला फक्त ओल घालवणं पुरे. ज्या साच्यात ओतायचं तो लोखंडी साचाही तापवून, तेलाचा हलका हात देऊन तयार ठेवा. पाण्याचा थेंब टाकला तर चुर्र करून उडाला पाहिजे. साच्यात ओल राहिली तर वाफ होऊन वितळलेली चांदी उसळते. पूर्ण मार्गदर्शनात लक्षात ठेवण्यासारखं वाक्य एकच असेल तर हेच: मुशीजवळ आणि साच्याजवळ ओलसर काही नको.

आधी चांदी जाऊ द्या. चोख चांदी ९६२ अंशांना पातळ होते. ती फिरू लागली की तांब्याचे तुकडे टाका. तांब्याचा स्वतःचा वितळांक १,०८५ अंश आहे, पण पातळ चांदीत ते त्याआधीच विरघळतं. चिमूटभर टाकणखार टाका, ग्राफाइटच्या कांडीनं ढवळा. वर कोळशाची भुकटी भुरभुरली तर फार बरं. पातळ चांदी स्वतःच्या आकारमानाच्या वीसेक पट ऑक्सिजन पिते आणि गोठताना तो बाहेर फेकते, त्यामुळे लगडीवर फोड आणि भोकं येतात. कोळसा हवेला आडवा येतो.

तयार झाल्याची खूण आकड्यापेक्षा डोळ्याला कळते. वरचा मळकट पापुद्रा बाजूला सरतो, आरशासारखा पृष्ठभाग दिसतो आणि मूस किंचित हलवली की पाऱ्यासारखा गोळा एकसंध फिरतो. मग थांबायचं नाही. एका दमात, मध्ये हात न थबकता ओता. मी पहिल्यांदा थबकले आणि कांबीच्या पोटात दुभंग राहिला, तो तीन दिवसांनी ठोकताना उघडा पडला.

आठ मिलिमीटर चौकोनी साच्यात ३४ ग्रॅमची कांब साधारण पाच सेंटिमीटर लांब होते. थंड झाल्यावर पाण्यात धुवा, वरची टाकणखाराची काच टिचकून काढा, चारही बाजूंनी कानस फिरवा. खड्डे खोल असतील तर घासत बसू नका, परत आटवा.

ठोकणं आणि ताव

इथे वेळ जातो, आणि खरी घडण इथेच होते.

गुळगुळीत ऐरण, एका बाजूनं चपटी नि दुसऱ्या बाजूनं आडव्या चोचीची हातोडी, चिमटा, कानस, एक ब्यूटेनची टॉर्च आणि विटेचा तुकडा. एवढं पुरतं. हातोडीचं तोंड आधी घोटून आरशासारखं करा. तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा चांदीवर छापला जातो.

ओतीव कांबीचे कण मोठे आणि ठिसूळ असतात, म्हणून सुरुवातीला हलके, सगळ्या बाजूंनी सारखे घाव. मग ताव द्या, म्हणजे तापवून धातू पुन्हा मऊ करा. कांब विटेवर ठेवून आच सगळीकडे फिरवा. अंधाऱ्या कोपऱ्यात काम करा, उजेडात लाली दिसत नाही. मंद, डाळिंबाच्या सालीसारखी लाली आली, म्हणजे ६५० अंशांच्या आसपास, की टॉर्च बाजूला. लाली विझली की पाण्यात सोडा. त्याहून लाल केलंत तर कण वाढतात आणि पुढच्या घावाला कडा फाटतात.

आता चोचीनं कांबीला आडवे घाव घालत लांबी वाढवा. धातू चोचीच्या दोन्ही अंगांना सरकतो, म्हणून चोच आडवी धरली की कांब लांब होते आणि उभी धरली की रुंद. आठ मिलिमीटर रुंदी राखायची आहे, तर मधूनमधून कांब कडेवर उभी करून चपट्या तोंडानं ठोका. आठाची जाडी निम्म्यावर येईपर्यंत कान उघडे ठेवा: मऊ धातूचा आवाज बद्द येतो, कडक झाला की टणत्कार येऊ लागतो. टण आला की हात थांबवा आणि ताव द्या. आठावरून चारावर, चारावरून दोनावर, असे दोन मोठे टप्पे आणि मध्ये लागतील तेवढे ताव. घाई करून एक ताव वाचवणारा पुढे अख्खी कांब गमावतो.

कडेला केसासारखी चीर दिसली तर तिथल्या तिथे कानशीनं ती संपेपर्यंत घासा. ठोकत राहिलात तर चीर आत पळते. सगळीकडूनच चिरा येत असतील आणि धातू तावातच चुरत असेल, तर मोडीत शिसं किंवा कथील शिरलं आहे. त्याला घरी उपाय नाही, गलाईचाच रस्ता.

प्रत्येक तावानंतर चांदी काळवंडते. लिंबूसत्त्वाचं गरम पाणी, अर्ध्या लिटरला तीन मोठे चमचे, त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवली की पांढरी होते. त्या पाण्यात लोखंडी चिमटा घालू नका. पाण्यात उतरलेलं तांबं चांदीवर चढतं आणि कांब गुलाबी होते. लाकडी काडी किंवा तांब्याचा चिमटा वापरा. चांदीतलं तांबं आतूनही जळतं आणि जांभळट ढगासारखा डाग उरतो, तो नुसत्या आंबटात जात नाही. ताव देण्याआधी टाकणखाराची पातळ पेस्ट फासली तर बऱ्याच अंशी टळतो.

दोन मिलिमीटर जाडीला पट्टी वीस सेंटिमीटरच्या आसपास जाईल. मनगटाचा घेर १६० मिलिमीटर असेल तर १५० मिलिमीटर पट्टी घ्या. तेवढ्या कड्याचं वजन साधारण २५ ग्रॅम भरतं. उरलेल्या पाच सेंटिमीटरचं, टोकं एकमेकांशेजारी ठेवून, उघडं वळं करा. बांगड्यांच्या मापाची सवय असणाऱ्यांसाठी: २.६ म्हणजे दोन इंच आणि सहा सोळांश, आतला व्यास ६०.३ मिलिमीटर. पण ते माप बंद बांगडीचं. उघड्या कड्याला मनगटाचाच घेर धरा.

वाकवणं

टोकं आधी गोल घासा. कडं घातल्यावर बोचतात ती टोकंच. मग शेवटचा ताव. आता टोकांपासून सुरुवात करून लाकडी हातोड्यानं पट्टी जाड नळीवर किंवा जुन्या मुसळावर वाकवा. मध्यापासून सुरुवात केली तर टोकं सरळ राहतात आणि मागाहून वळत नाहीत. मनगट गोल नसतं, चपटं अंडाकृती असतं. कडंही तसंच करा, तोंडाशी पंचवीसेक मिलिमीटर फट ठेवून.

आकार बसला की मुसळावरच चपट्या, घोटलेल्या हातोडीनं सगळीकडे हलके, एकमेकांवर चढणारे घाव द्या. यानं धातू कडक होतो आणि कड्याला ताण येतो. यानंतर ताव नाही. दिलात तर कडं पुन्हा मऊ पडेल. हातोडीचे हे चट्टे मला आवडतात, मी ठेवते. नको असतील तर २२०, ४००, ६००, १,०००च्या पॉलिश पेपरनं क्रमानं घासा, दर वेळी दिशा बदलून, मागच्या पेपरचे ओरखडे जाईपर्यंत.

ओप

शेवटी ओपणी. अकीकाची किंवा घोटलेल्या पोलादाची गुळगुळीत ओपणी रिठ्याच्या पाण्यात बुडवून कड्याच्या कडांवर दाबून फिरवा. कडा चमकतात आणि आणखी कडक होतात. मधला भाग पितळी ब्रशानं, त्याच रिठ्याच्या पाण्यात. जुनी झाक हवी असेल तर कडं डब्यात ठेवून शेजारी गरम उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक कुस्करून ठेवा आणि झाकण लावा. बलकातल्या गंधकानं तासाभरात काळेपणा धरतो. उंच भाग पुसून घ्या, चट्ट्यांतला काळा राहू द्या.

चुरा आणि छाप

काम सुरू करण्याआधी मांडीवर जाड कापड अंथरा आणि चांदीला लागणारी कानस फक्त चांदीलाच ठेवा. शिशाला लावलेली कानस पुन्हा चांदीवर फिरली तर तो कण पुढच्या तावात चांदीत खड्डा पाडतो. चुरा रोज बाटलीत भरा, वर तारीख लिहा. सोनारांच्या पेढीबाहेरची धूळ झाडून तिच्यातून सोनं काढणारे झारेकरी होतेच की. आपल्याकडे तर चुरा एकाच कापडात गोळा झालेला असतो.

माझ्या वहीत पहिल्या कड्याची नोंद अशी आहे: कांब ३४, कडं २५, वळं ८, बाटलीत अर्ध्याहून थोडा जास्त. उरलेला अंश लिंबूसत्त्वाच्या पाण्यात आणि पडवीच्या फटींत गेला असावा.

कड्याच्या आत स्वतःचं एखादं अक्षर ठोका, पण ९२५चा छाप मारू नका. तो आकडा तुमच्या गणितातला आहे, परीक्षेतला नाही. हॉलमार्क मान्यताप्राप्त केंद्रातच मिळतो. १ सप्टेंबर २०२५पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सोन्यासारखा सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक जोडला गेला आहे, मात्र चांदीला हॉलमार्कच अजून ऐच्छिक आहे. घरात घालायच्या कड्याला त्याची गरज नाही. विकायचं ठरवलंत तर आधी तिथे जा, आणि टंच किती निघाला ते डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. डबा पुन्हा भरायला लागतोच.